हातउसने पैसे परत मिळवताना: समरी दावा की साधा?

म्हापशात कुणाला हातउसने दिले आणि हातात न वटलेला चेक किंवा वचनचिठ्ठी असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालचा समरी दावा, म्हणजे झटपट निकालाचा दावा बरा. समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत प्रतिवादीने हजेरी नोंदवायची. बचावालाही कोर्टाची परवानगी लागते. मात्र वादपत्रात (दावा दाखल करण्याच्या अर्जात) दावा क्रमांकाच्या लगेच खाली ‘आदेश 37 अन्वये’ हा उल्लेख हवाच. सोबत मनस्तापाची भरपाई मागितली की दावा या चौकटीबाहेर जातो. हा मोह अनेकांना आवरत नाही.

व्यवहार तोंडी असेल तर साधा दावा. कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला 30 दिवस, फार तर 90. वादपत्रात महत्त्वाची वस्तुस्थिती लिहा, पुरावा नको. दाव्याचे कारणच दिसले नाही, तर आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र फेटाळले जाते.