टीकप पॉमेरेनियन म्हणून आम्हाला पाच आठवड्यांचं पिल्लू विकलं, तुम्ही तरी सावध राहा

काल परत तीच जाहिरात दिसली. तोच फोटो, तीच पांढरीशुभ्र आई-कुत्री गालिच्यावर बसलेली आणि खाली तेच, "टीकप पॉम, मोठं झालं तरी तळहातावर मावेल, शेवटची एकच मादी उरलीय". फक्त विकणाऱ्याचं नाव बदललंय. इतके महिने हे लिहायचं टाळत होते कारण आठवलं की अजून पोटात गोळा येतो, पण काल ते बघून राहवलंच नाही.

आधी मुद्द्याचं सांगते. टीकप पॉमेरेनियन नावाची वेगळी जातच नाहीये. पॉम, म्हणजे पॉमेरेनियन कुत्रा, मुळातच लहान, जर्मन स्पिट्झ या केसाळ कुत्र्यांच्या घराण्यातला सगळ्यात छोटा, पूर्ण वाढलेला साधारण १.४ ते ३.२ किलोचा. त्याच्याही खाली जे टीकप, मायक्रो, मिनी वगैरे म्हणतात ते सगळे विकणाऱ्यांचे शब्द, जातीच्या कागदावर असं काही नसतं. मग इतकं लहान पिल्लू येतं कुठून? कधी अशक्त, खुरटलेल्या कुत्र्यांचीच जोडी लावतात, कधी पिल्लाला पोटभर खायला घालत नाहीत आणि कधी सरळ वय खोटं सांगतात. आमच्या गुंडीच्या, म्हणजे त्या पिल्लाच्या, बाबतीत शेवटच्या दोन्ही गोष्टी झाल्या होत्या.

झालं असं, की मुलाला वर्षभर कुत्रा हवा होता, घर लहान, म्हणून छोटी जात शोधत होतो. फोनवरचा माणूस इतका गोड बोलायचा, ताई ताई करत रोज पिल्लांचे व्हिडिओ पाठवायचा. मी म्हटलं आम्ही येऊन आई बघतो, तर म्हणे घरी आजारपण आहे, मग म्हणे आई दुसऱ्या घरी ठेवलीय, मग म्हणे तुम्ही कशाला त्रास घेता मीच आणून देतो. आणि लगेच, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आज आगाऊ रक्कम पाठवली तरच ठेवतो. आम्ही पाठवली. तिथेच थांबायला हवं होतं. ज्याच्याकडे आई खरंच असते तो ती दाखवायला कधीच का कू करत नाही, ही एक गोष्ट जरी लक्षात ठेवली असती तरी पुढचं काहीच झालं नसतं.

पिल्लू रस्त्याच्या कडेला गाडीतून काढून दिलं, बुटाच्या खोक्यात. पाच मिनिटांत व्यवहार संपला. सोबत लसीकरणाचं कार्ड आणि एक कागद, त्यावर वय आठ आठवडे आणि मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली घालतात त्या छोट्या चिपचा, नंबर. इतकी छोटी, इतकी शांत, कोणीही उचला काही करायची नाही, आणि आम्ही कौतुकाने म्हणत होतो किती गुणी आहे. ती गुणी नव्हती हो, तिच्यात ताकदच नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहाटे बघितलं तर गुंडी अंथरुणात आडवी, अंग गार, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, उभं केलं की पाय लटपटून खाली बसायची आणि मग मान झटके द्यायला लागली. मुलगा रडायला लागला. नवऱ्याने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि तसेच धावत डॉक्टरांकडे गेलो. रक्तातली साखर एकदम खाली गेली होती. डॉक्टरांनी ग्लुकोज लावलं, पिल्लू जरा हललं, मग त्यांनी तिचं तोंड उघडून मला दाखवलं. म्हणाल्या, हे बघा, पुढचे दात आणि सुळे नुकते वर आलेत, मागच्या दाढा अजून फुटतायत. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात जवळजवळ सगळे आलेले असतात, ही जेमतेम पाच आठवड्यांची आहे, हिला आईपासून तोडायलाच नको होतं. मग मानेपाशी, खांद्यांपाशी स्कॅनर फिरवला, चिप नाहीच. आणि लसीचं कार्ड बघून तर त्या गप्पच बसल्या. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर असतं, बॅच नंबर असतो, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असतो, इथे नुसत्या तारखा, सगळ्या एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेल्या. आणि पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांना देतात, म्हणजे कार्डावरच्या तारखेला गुंडी लसीच्या वयाचीही झालेली नसणार.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "जिवंत आहे ना, मग काय तक्रार आहे?" आणि नंबर ब्लॉक. नंतर आईचा तो फोटो इंटरनेटवर इमेज सर्चमध्ये टाकून बघितला, भलत्याच लोकांच्या पानावर तोच फोटो. हे आधी करायला दोन मिनिटंही लागली नसती.

गुंडी वाचली, आता वर्षाची होईल, वजन सहा किलोच्या वर. म्हणजे टीकप तर सोडाच, ती शुद्ध पॉमही नसावी. आम्हाला त्याचं काहीच वाटत नाही, ती आमचीच आहे. पण तिच्या मागच्या पायाची गुडघ्याची वाटी सरकते, चालता चालता एक पाय उचलून उड्या मारत चालते आणि ते बघवत नाही. छोट्या जातींत हा त्रास बऱ्याचदा असतो, म्हणून आईबापांचे गुडघे तपासलेत का हे विचारायचंच असतं, मला ते तेव्हा माहितच नव्हतं. पॉममध्ये श्वासनलिका दबायचा त्रासही असतो, त्यामुळे गळ्यात पट्टा बांधून ओढू नका, हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, घ्या.

ज्यांना खरंच पॉम हवा आहे त्यांनी पिल्लू आईजवळ बघितल्याशिवाय एक पैसा देऊ नका, आणि चिपचे पंधरा आकडे पैसे देण्याआधी डॉक्टरांकडे स्कॅन करून जुळवा. चांगला ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारा, उलट तुम्हालाच दहा प्रश्न विचारतो, घरी दिवसभर कोण असतं, केस विंचरायला वेळ आहे का, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देतच नाही, पॉमसारखं अगदी छोटं असेल तर बरेच जण अजून थांबवतात.

आणि ज्यांच्या घरी असं इवलंसं पिल्लू आधीच आलंय त्यांनी कृपा करून आज रात्रीच त्याला उपाशी झोपू देऊ नका, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवा, अंग उबदार ठेवा. सुस्त पडलं, थरथरलं, झोकांड्या खायला लागलं तर बोटाने हिरडीला मध किंवा साखरेचं पाणी चोळा, शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल, नुसतं हिरडीला चोळा आणि तसंच डॉक्टरांकडे पळा, सकाळ व्हायची वाट बघू नका.