लाल पट्टा किती वेळापूर्वीचा? कार जीपीएसच्या लाइव्ह ट्रॅफिक सेवेचा धुळ्यातून घेतलेला अनुभव

गेल्या दिवाळीच्या आसपास घेतलेल्या सात इंची कार जीपीएसचा पडदा, आवाज आणि नकाशे यांविषयी येथे फारसे लिहीत नाही. ती माहिती खोक्यावरही छापलेली असते आणि त्या बाबतीत माझी काही तक्रारही नाही. मला लिहायचे आहे ते त्याच्या लाइव्ह ट्रॅफिक सेवेविषयी. नकाशे एकदा घेतले की घेतले, पण या सेवेसाठी दरवर्षी पैसे मोजावे लागतात आणि माझ्यासारखा धुळ्यात राहून ठिबक संचाच्या सुट्या भागांसाठी व पंपांच्या मालासाठी कधी जळगाव, कधी नाशिक, कधी छत्रपती संभाजीनगर तर कधी सुरत असा फिरणारा माणूस त्या पैशांच्या मोबदल्यात नेमके काय मिळते, हे पाहणारच.

या लिखाणाला निमित्त कन्नड घाटाचे झाले. संभाजीनगरकडे जात असताना चाळीसगाव यायच्या आधीच पडद्यावर घाटाचा संपूर्ण टप्पा लाल झाला, शेजारी विलंबाचा आकडा आला आणि यंत्राने काहीही न विचारता मार्ग बदलून मला नांदगाव, शिऊर बंगला, कसाबखेडा या रस्त्याने काढले. न्यायालयाच्या आदेशाने २०२३ मध्ये कन्नड घाटात अवजड वाहनांना बंदी झाली, तेव्हापासून त्यांच्यासाठी हाच पर्यायी रस्ता ठरवून दिलेला होता आणि त्या दिवशीही एका मालट्रकला ओलांडले की पुढे दुसरा उभाच होता. पडद्यावर मात्र त्या रस्त्याला कुठलाच रंग नव्हता. परतताना मी घाटातूनच उतरलो. पायथ्याच्या टपरीवर चहा घेताना सकाळच्या कोंडीबद्दल विचारले, तेव्हा टपरीवाले म्हणाले, "भाऊ, घाट ते कव्हयना मोकया व्हई गया." पहाटे एक पिकअप उलटली होती आणि दिवस वर यायच्या आत ती बाजूला केली गेली होती. म्हणजे मी चाळीसगाव गाठले तेव्हा रस्ता मोकळा होऊन बराच काळ लोटलेला होता आणि यंत्र मला पहाटेची परिस्थिती आताची म्हणून दाखवत होते.

माझा या सेवेवरचा मुख्य आक्षेप येथेच आहे. कोंडीच्या खुणेवर बोट ठेवले की कारण दिसते, अंतर दिसते, विलंबाची मिनिटे दिसतात. ती माहिती किती वाजता आली, एवढे मात्र कुठेच दिसत नाही. तारीख न टाकता कापसाचा भाव लिहून ठेवलेल्या फळ्याइतकाच त्या लाल पट्ट्याचा उपयोग. भाव खोटा असेल असे नाही, पण तो आजचा की परवाचा हे कळल्याशिवाय गाडी भरून काढण्याचा निर्णय कोणी घेत नाही.

ही त्रुटी किरकोळ का नाही, हे समजण्यासाठी सेवा कशी चालते ते थोडक्यात सांगावे लागेल. जीपीएस यंत्र उपग्रहांकडून फक्त संदेश घेते आणि त्यावरून आपली जागा ठरवते. रस्त्यावरच्या गर्दीचे ज्ञान उपग्रहांना नसते. गर्दीची माहिती वेगळ्या वाटेने यावी लागते. माझ्या यंत्रात स्वतःचे सिमकार्ड नाही, त्यामुळे फोनमधील कंपनीचे ॲप इंटरनेटवरून ती माहिती घेते आणि ब्लूटूथने यंत्राला पुरवते. या माहितीचेही दोन प्रकार आहेत. एक म्हणजे वेग: रस्त्यावरून जाणाऱ्या फोनांची व वाहनांतील यंत्रांची हालचाल मोजून रस्ता हिरवा, नारिंगी की लाल हे ठरते. दुसरी म्हणजे घटना: अपघात, दुरुस्ती, बंद रस्ता यांची कोणीतरी केलेली नोंद. वेग चुकू शकतो, पण तो लवकर सुधारतो, कारण पुढची वाहने सुरळीत जाऊ लागली की रंग बदलतो. घटनेची नोंद मात्र कोणी मिटवेपर्यंत किंवा तिची ठरलेली मुदत संपेपर्यंत तशीच राहते. महामार्गावर सतत वाहने असतात, तेथे वेगाची माहिती घटनेच्या जुन्या नोंदीला खोडून काढते. जेथे वाहने विरळ आहेत आणि घाटात रेंजही जाते, तेथे जुनी नोंदच शिल्लक उरते. आपल्या भागात हा दुसरा प्रकार वारंवार घडतो.

वेग मोजण्याची ही पद्धत किती केवळ फोनांवर अवलंबून आहे, हे २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलावंताने दाखवून दिले होते. त्याने ९९ फोन एका हातगाडीत ठेवून ती रस्त्याने ओढत नेली आणि गूगल मॅप्सवर तो मोकळा रस्ता कोंडी झाल्यासारखा लाल दिसू लागला. तिथे नसलेली कोंडी फोनांच्या गर्दीमुळे दिसली. साक्री सोडून कोंडाईबारी घाट उतरून विसरवाडीकडे जाताना मला याच्या उलट अनुभव येतो. तेथे फोन पुरेसे नसतात किंवा त्यांना रेंज नसते, त्यामुळे खरी कोंडी दिसत नाही. रंग नसलेला रस्ता म्हणजे मोकळा रस्ता नव्हे, त्याचा अर्थ इतकाच की त्या रस्त्याची माहिती नाही. नवीन घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच लक्षात ठेवावे, कारण यंत्र मार्ग निवडताना अशा रस्त्यावर नेहमीचा वेग गृहीत धरते आणि माहिती नसलेला रस्ता माहिती असलेल्या कोंडीपेक्षा त्याला सरस वाटतो. मला शिऊर बंगल्याकडे वळवण्यामागे हाच हिशेब असणार.

वेळ दाखवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे कंपनीच्या मदतकेंद्रातून मला सांगण्यात आले. हे उत्तर मला पटत नाही. युरोपात एफएम रेडिओच्या लहरींवरून ट्रॅफिकचे संदेश पाठवण्याची टीएमसी नावाची जुनी पद्धत आहे. त्या वाहिनीची क्षमता सेकंदाला सुमारे १२०० बिट, म्हणजे आजच्या साध्या मोबाइल इंटरनेटच्या तुलनेत नगण्य, आणि तरीही त्या संदेशात घटना, ठिकाण, दिशा यांच्याबरोबर ती किती काळ टिकेल याचा अंदाज देण्याची सोय होती. एवढ्याशा जागेत कालावधी बसवता येत असेल, तर सात इंची पडद्यावर "४० मिनिटांपूर्वी" हे दोन शब्द मावू नयेत, याला कारण नाही.

टीएमसीचा विषय निघालाच आहे तर एक सूचना करतो. परदेशातील नातेवाइकांनी वापरलेले जीपीएस येथे आणून वापरणारे काहीजण माझ्या ओळखीत आहेत आणि त्यावर "लाइफटाइम ट्रॅफिक" लिहिलेले पाहून ते समाधानी असतात. ती सेवा त्या त्या देशांपुरती असते, तिचा रेडिओ रिसीव्हर अनेकदा चार्जरच्या वायरमध्येच बसवलेला असतो आणि आपल्याकडे त्याला पकडण्यासारखे काही नसते. शिवाय लाइफटाइम म्हणजे आपले आयुष्य नसून कंपनी त्या मॉडेलला जोपर्यंत सांभाळते तेवढा काळ. अशा यंत्रावर येथे ट्रॅफिकच्या नावाने एक रुपयाही खर्च करू नये.

आता सबस्क्रिप्शनच्या नूतनीकरणाविषयी. पहिले काही महिने सेवा यंत्राच्या किमतीतच होती. ती मुदत संपल्यावर मी ॲपमधून वर्षाचे पैसे भरले, त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, बँकेतून रक्कम गेली आणि यंत्र मात्र सबस्क्रिप्शन संपल्याचेच दाखवत राहिले. मदतकेंद्राने आधी फोनचे नेटवर्क तपासायला सांगितले, मग "तुमच्या भागात कव्हरेज कमी आहे" असे ऐकवले, त्यानंतर यंत्र फॅक्टरी रीसेट करायला लावले. त्यात साठवून ठेवलेली गिऱ्हाइकांची शेते, गोदामे, गावाबाहेरच्या विहिरींच्या जागा असे सर्व काही पुसले गेले. धुळ्यात त्यांचे सेवाकेंद्र नाही, म्हणून यंत्र घेऊन नाशिकला जावे लागले. तेथील तरुण तंत्रज्ञाने मात्र नीट लक्ष घातले. पैसे खात्यावर जमा झाले होते, पण ते यंत्राच्या सिरीयल नंबरशी जोडले गेलेच नव्हते. त्याने खात्यातून यंत्र काढून पुन्हा जोडले आणि थोड्याच वेळात ट्रॅफिक सुरू झाले. ज्यांना हीच अडचण येईल त्यांनी रीसेटच्या आधी हा उपाय करून पाहावा, आणि कोणत्याही परिस्थितीत आपली साठवलेली ठिकाणे आधी मेमरी कार्डावर किंवा संगणकावर उतरवून घ्यावीत.

मधल्या काळात जी सेवा मिळालीच नाही, तिची मुदत वाढवून द्यावी, अशी मागणी मी केली तेव्हा "तशी पद्धत नाही" असे उत्तर आले. रक्कम लहान आहे हे खरे, पण पैसे घेऊन न दिलेली सेवा ही सेवाच नव्हे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि कंपनीला लेखी कळवले की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे मला तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही. यानंतर आठवडाभरात मुदत वाढवून मिळाली. दूरच्या शहरातील कंपनीशी भांडायला त्या शहरात जावे लागेल या समजुतीने आपल्याकडे अनेकजण अशा रकमा सोडून देतात, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिले.

सेवा नीट सुरू झाल्यावर, आणि विशेषतः दोन सेटिंग बदलल्यावर, माझे मत बऱ्याच अंशी बदलले, हेही नोंदवले पाहिजे. पहिले सेटिंग फोनमधले आहे. आजचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी पाठीमागे चालणारे ॲप परस्पर बंद करतात. तसे झाले की यंत्राला नवीन माहिती येणे थांबते, पण पडद्यावरचे शेवटचे रंग काही काळ तसेच राहतात आणि कोपऱ्यातले छोटेसे चिन्ह करडे होण्यापलीकडे काहीही सांगितले जात नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचे बॅटरीचे बंधन काढून टाकावे आणि लोकेशनची परवानगी "नेहमी" अशी द्यावी. डेटा इतका कमी जातो की रोजच्या पॅकमध्ये तो जाणवत नाही. दुसरे सेटिंग यंत्रातले: मार्ग आपोआप बदलण्याऐवजी आधी विचारावे, असे ते ठेवावे. हा पर्याय मेन्यूत बराच आत दडवलेला आहे आणि तो मुळातच चालू करून द्यायला हवा होता.

या दोन बदलांनंतर यंत्राने काही ठिकाणी खरोखर समाधान दिले. जळगाव शहरातून जाणाऱ्या महामार्गावर आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक आणि अजिंठा चौकातली संध्याकाळची गर्दी ते बांभोरीचा पूल येण्याआधीच अचूक सांगते, आणि तेवढ्या सूचनेवर मी कामांचा क्रम बदलू शकतो. चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघालेल्या भाविकांमुळे मालेगावच्या रस्त्यावर रात्री वाहने हळू चालवावी लागतात. तेव्हा लळिंग घाटाच्या पुढे रस्ता नारिंगी दाखवून यंत्राने पोहोचण्याची वेळ वाढवून सांगितली आणि ती तंतोतंत खरी ठरली. भगवे झेंडे घेऊन कडेने चालणाऱ्या माणसांमधून गाडी नेताना घाई करायची नाही, हे घरून निघतानाच ठरवता आले, याचे मोल मी मोठे मानतो. नाशिकच्या पुढे कसाऱ्यापासून मुंबईपर्यंत तर ही सेवा जवळपास निर्दोष आहे. वाहने भरपूर, रेंज अखंड, त्यामुळे रंग मिनिटामिनिटाला बदलतात आणि वेळेच्या शिक्क्याची उणीव तेथे भासत नाही.

फोनवर नकाशे आणि ट्रॅफिक फुकट मिळत असताना हा खर्च कशाला, असे मला घरीही विचारले जाते. माझे उत्तर असे की मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा काचेला लावलेला फोन तापून पडदा मंद करतो आणि चार्जिंग थांबवतो. हे यंत्र त्या उन्हात टिकले, फक्त त्याचा रबरी सक्शन स्टँड दोनदा गळून पडला, तो आता डॅशबोर्डला चिकटवलेल्या चकतीवर बसवला आहे. घाटात रेंज गेली तरी नकाशा पूर्ण असतो आणि फोन आला तरी पुढचे वळण पडद्यावरून हलत नाही. नकाशासाठी हे यंत्र घ्यावे, असे मी निःसंकोच सांगेन. ट्रॅफिकचे वार्षिक पैसे मात्र ज्यांचे जाणे-येणे प्रामुख्याने नाशिक, पुणे, मुंबई असे आहे त्यांनीच भरावेत. ज्यांचे फिरणे शिरपूर, शहादा, चोपडा, रावेर अशा पट्ट्यात आहे, त्यांना त्यातून फारसे काही मिळणार नाही.

वेळेच्या नोंदीबद्दल कंपनीला मी पुन्हा लिहिले आहे. सोबत कन्नड घाटाच्या त्या लाल पट्ट्याचा, प्रवासात मागे बसलेल्या मुलाने काढलेला फोटो जोडला आहे. फोटोत यंत्राचे घड्याळही दिसते. सूचना संबंधित विभागाकडे पाठवली, इतकेच उत्तर आजवर आले. माझी वाढवून मिळालेली मुदत पौषात संपते. तोपर्यंतच्या एखाद्या अपडेटमध्ये घटनेवर बोट ठेवल्यावर नोंदीची वेळ दिसू लागली, तर मी पुढच्या वर्षाचे पैसे त्याच दिवशी भरेन. ती दिसली नाही, तर ट्रॅफिक बंद ठेवून यंत्र केवळ नकाशासाठी वापरेन, आणि कन्नड घाट चढण्याआधी चाळीसगावच्या पंपावर डिझेल भरताना वरून उतरलेल्या एखाद्या गाडीवाल्याला विचारून घेईन.