उत्रेख्तमध्ये सेमिस्टरपुरती घेतलेली सेकंडहँड ओमाफीट्स: चार महिने वापरून झाल्यावर

आधी हिशोब, कारण मी स्वतः कुठलाही रिव्ह्यू वाचताना आधी तोच शोधते. सायकल 130 युरो, साखळीचं कुलूप वेगळे 25, वापर सप्टेंबर 2024 च्या शेवटापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत, आणि निघताना त्याच दुकानदाराने 60 युरोला परत घेतली. म्हणजे चार महिने 95 युरोत पडले, तेव्हाच्या भावाने साडेआठ हजार रुपये. पंक्चरचं सामान आणि दिवे धरले तर अजून थोडे. एक्स्चेंजला गेल्यावर मी जेवढे पैसे खर्च केले त्यातला हा एकच खर्च असा की ज्याचा हिशोब आईला सांगताना आवाज खाली आला नाही.

मी नेदरलँड्समधल्या उत्रेख्त युनिव्हर्सिटीत एका सेमिस्टरसाठी गेले होते (आपण युट्रेक्ट म्हणतो, ते लोक शेवटी घसा खाकरल्यासारखं करतात, मला शेवटपर्यंत जमलं नाही). रूम शहराच्या पश्चिमेला, बहुतेक क्लास पूर्वेच्या टोकाला, ज्या भागाचं नाव आता सायन्स पार्क आहे पण लोक अजून आउटहोफच म्हणतात. मधे सात किलोमीटर. पहिले तीन आठवडे मी शहाणपणा केला, चालत स्टेशन, तिथून 22 नंबरची ट्रॅम. ट्रॅम उत्तम आहे, वेळेवर येते, वाद नाही. पण जाऊन येऊन चार युरोच्या आसपास जातात आणि त्याहून वाईट म्हणजे ग्रुपमधले सगळे सायकलवरून निघून जायचे आणि मी "तुम्ही व्हा पुढे" म्हणत स्टॉपवर उभी. कुणाकडे जेवायला बोलावलं तरी शेवटची ट्रॅम किती वाजता हे मी सूप यायच्या आधी बघून ठेवायचे.

तर ओमाफीट्स. फीट्स म्हणजे सायकल, ओमा म्हणजे आजी. आजीची सायकल. काळी, जड, मधला दांडा नाही, हँडल उंच आणि तुमच्याकडे वळलेलं, त्यामुळे पाठ ताठ ठेवून राणीसारखं बसायचं. आपल्याकडची जुनी लेडीज सायकल आठवा आणि तिला चांगलं खाऊपिऊ घाला, ती ही. वजन वीस किलोच्या आसपास असावं, मी काही काट्यावर घातली नाही पण जिन्यावरून एकदा उचलली आहे, पुन्हा नाही उचलली.

उंचीचं सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाच फूट एक इंच. पहिल्या दोन दुकानांत सीट सगळ्यात खाली केली तरी माझे पाय हवेत, दुकानातला मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला की लहान मुलांच्या सेक्शनमध्ये बघू या का. तिसऱ्या दुकानातले काका साठीचे, हात ग्रीसने काळे, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून काही न बोलता आत गेले आणि मागच्या रांगेतून ही काढून आणली. दुकानाचं नाव देत नाही, अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. बघायचं एवढंच की तीन महिन्यांची तरी गॅरंटी लिहून देतात का आणि जाताना परत घेतात का. परत घेण्याचं बोलणं बिलावर लिहून घ्या, मी घेतलं होतं, पुणेरी म्हणा काहीही म्हणा.

आणि हो, संध्याकाळी रस्त्यात कुणी वीस युरोला सायकल देतो म्हणाला तर सरळ चालू लागा. ती चोरीची असते आणि चोरीची विकत घेणं हाही तिथे गुन्हाच. फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, तो पोलिसांच्या साइटवर टाकला की चोरीची तक्रार आहे का ते कळतं, सेकंडहँड घेताना दोन मिनिटं लागतात फक्त.

आता ब्रेक, मुख्य मुद्दा. हँडलवर ब्रेकच नाही. म्हणजे काहीच नाही, बोटं नुसती हवेत. पॅडल उलटं मारायचं की मागचं चाक थांबतं. ऐकायला सोपं आहे, पण ज्याने लहानपणापासून दोन्ही हातांनी ब्रेक दाबलेत त्याचं डोकं आणि पाय यांच्यात आठवडाभर बोलणं होत नाही. पहिल्या दिवशी मी दुकानाच्या बाहेरच एका कुंडीला टेकले. थांबायचं कळल्यावर दुसरी गंमत, पुन्हा निघायचं कसं? आपल्याकडे सिग्नलला थांबलो की पायाने पॅडल मागे फिरवून वर आणून ठेवतो ना, ते इथे होत नाही, मागे फिरवलं की ब्रेकच लागतो. म्हणजे थांबतानाच पॅडल बरोबर जागी येईल असं थांबायचं. नाहीतर सिग्नल हिरवा झाल्यावर तुम्ही एका पायावर लंगडी घालताय आणि मागे चाळीस डच लोक, पैकी एक आई पुढच्या खोक्यात दोन पोरं बसवून. कुणी ओरडत नाही हं, नुसती घंटी वाजवतात, एकदाच, ती जास्त लागते.

पण या ब्रेकचा फायदा असा की बाहेर काही नाजूक नाहीच, केबल नाही, रबर नाही, पावसात भिजून काही बिघडत नाही. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे सलवार असो, ओव्हरकोट असो, काही अडकत नाही. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळीसारखं कव्हर असतं, लांब कोट आणि स्कर्ट आत जाऊ नये म्हणून. मी बघताक्षणी म्हटलं, अरे हे तर साडीगार्ड! डच मैत्रिणीला आपल्या स्कूटरच्या साडीगार्डचा फोटो दाखवला तर ती पाच मिनिटं तोच बघत बसली.

अजून एक गोष्ट बघून मला घरी आल्यासारखं झालं. ट्यूबचा व्हॉल्व आपल्या साध्या सायकलींना असतो तोच. पहिलं पंक्चर नोव्हेंबरात झालं, तोपर्यंत दुकानात पंक्चर काढायला पंधरा युरो घेतात हे कळलं होतं, तेराशे-चौदाशे रुपये, पंक्चरचे! मग हेमा नावाच्या दुकानातून पंक्चरचं किट आणलं आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मागचं चाक काढायचं म्हणजे चेनकव्हर उघडा, नट उघडा, कोण करणार, बाबा म्हणाले चाक काढूच नकोस, ट्यूब बाजूने ओढून घे, बादलीत पाणी घे आणि बुडबुडे बघ. कोथरूडमधून उत्रेख्तचं पंक्चर निघालं त्या दिवशी. किचनमध्ये काढलं, रूममेट्स खुर्च्या घेऊन बघायला बसले.

कुलुपांचं. मागच्या चाकाला गोल कुलूप फिट केलेलंच असतं, त्याची किल्ली सायकल चालू असताना कुलुपातच राहते. ते फक्त चाक अडवतं, सायकल उचलून नेता येतेच, म्हणून साखळी हवी आणि ती कशाला तरी, म्हणजे रॅकला नाहीतर कठड्याला, बांधायची. माझ्या सायकलला चार महिन्यांत कुणी हात लावला नाही, त्यात साखळीपेक्षा तिच्या रूपाचा वाटा जास्त असावा. मडगार्ड गंजलेलं, सीटला प्लास्टिकची पिशवी. नवीन चकचकीत घेऊ नका एवढंच म्हणते.

स्टेशनजवळ लावायची असेल तर स्टेशनप्लाइनचं पार्किंग एकदा तरी बघाच, काम नसेल तरी बघा. जमिनीखाली तीन मजले, 12,500 सायकलींची जागा, 2019 मध्ये पूर्ण झालं, आणि आत सायकल चालवतच जायचं, उतरायचं नाही. कुठल्या रांगेत जागा आहे ते वर पाटीवर दिसतं. पहिले 24 तास फुकट. मी पहिल्यांदा लावली आणि जागेचा फोटो काढायला विसरले, मग 12,500 मधे काळी ओमाफीट्स शोधणं काय असतं ते मला विचारा, तिथे प्रत्येक दुसरी काळी ओमाफीट्सच आहे. तेव्हापासून हँडलला केशरी लोकर गुंडाळली. आणि स्टेशनबाहेर कुठेही कोपऱ्यात लावून जाऊ नका, चुकीच्या जागची सायकल पालिका उचलून नेते, मग डेपोत जाऊन पैसे भरून सोडवायची. आपल्याकडच्या टोइंगसारखंच, फक्त वाद घालायला टेम्पोवर कुणी नसतं.

नियम थोडक्यात. रस्त्यावर पांढरे त्रिकोण दिसले आणि टोकं तुमच्याकडे असली तर तुम्ही थांबायचं, त्यांना शार्कचे दात म्हणतात, नाव लक्षात राहतं. वळताना हात दाखवायचा. फोन हातात धरून चालवायला 1 जुलै 2019 पासून बंदी आहे आणि दंड दीडशे युरोच्या वर, त्यामुळे मॅप आधी पाठ करा नाहीतर कानात ऐका. अंधार पडला की पुढे पांढरा, मागे लाल दिवा. सायकलचा डायनॅमो बंद असेल तर जॅकेटला चिकटवायचे छोटे दिवे चालतात, दोन जोड घ्या, एक हरवतोच. हे दिव्यांचं सप्टेंबरमध्ये फालतू वाटतं. दिवाळीच्या तोंडावर घड्याळ तासाने मागे जातं आणि डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊला, मावळतो साडेचारला, म्हणजे नऊचा क्लास असला की जातानाही अंधार, येतानाही अंधार.

पाऊस नव्हे, वारा. सगळे पावसाची भीती घालतात पण पावसाला अ‍ॅप आहे, बाउएनराडार, पुढचे दोन तास कुठला ढग कुठे जाणार ते दाखवतं, वीस मिनिटं लायब्ररीत थांबलं की काम होतं. वाऱ्याला इलाज नाही. देश सपाट, गिअर नाही, आणि वारा समोरूनच येतो, जातानाही समोरून, येतानाही समोरून, हे कसं होतं ते फिजिक्सवाल्यांनी सांगावं. या लोकांनी तर त्याची स्पर्धाच काढली आहे, समोरच्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा, 2013 पासून, समुद्रावरच्या ऑस्टरस्खेल्डे बंधाऱ्यावर साडेआठ किलोमीटर, बिनागिअरच्या साध्या सायकलींवर, आणि वादळाचा अंदाज आला की मगच तारीख जाहीर करतात. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी सात किलोमीटरला पन्नास मिनिटं घेतली आणि प्रेझेंटेशनला घामाने भिजून पोचले. त्यादिवशी हिचे दोन स्टार कापले होते, नंतर दीड परत दिले.

परत दिले ते फिरण्यासाठी. तिथे सेमिस्टरचे दोन ब्लॉक असतात, एका ब्लॉकला साधारण दोन कोर्स, साडेसात-साडेसात क्रेडिटचे, वाचायला भरपूर पण तास कमी, त्यामुळे दुपारी मोकळ्या मिळतात. आउटहोफच्या मागेच क्रोमे रेन नावाची छोटी नदी आणि आमेलिसवेर्डचं जंगल, तिथे पॅनकेकची जागा आहे, पॅनकेक ताटाएवढा. लांब जायचं तर नंबरांचे बोर्ड असतात, प्रत्येक चौकाला एक नंबर, कागदावर पाच-सहा नंबर लिहून घ्यायचे आणि बाणांमागे जायचं, फोन लागत नाही. असंच एका रविवारी फेख्त नदीच्या काठाने ब्रॉइकेलेनला गेलो, न्यूयॉर्कचं ब्रुकलिन ज्याच्या नावावरून पडलं ते गाव. पुलाजवळ फोटो काढला, चहा प्यायलो, आलो. दुसऱ्या दिवशी बसता येत नव्हतं, सीट काही चांगली नाही, हे मायनसमध्ये धरा.

किराण्यासाठी मात्र ही सायकल म्हणजे हत्ती. लोम्बोक भागात कानालस्ट्राटवर तुर्की, मोरोक्कन दुकानं आहेत, कोथिंबिरीची जुडी जुडीसारखी मिळते, सुपरमार्केटमधल्या कुंडीतल्या चार काड्या नाहीत. पाच किलो तांदूळ कॅरिअरला, भाजी हँडलला. तिकडे सुरिनामी रोटी खा, खाच. 1873 पासून आपल्याकडच्या भोजपुरी पट्ट्यातून मजूर सुरिनामला (दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत) नेले, त्यांची पुढची पिढी 1975 च्या सुमारास नेदरलँड्सला आली, आणि त्यांनी ही रोटी आणली. रोटी, बटाटा, वालासारख्या लांब शेंगा. चव आपली नाही पण ओळखीची आहे, चुलत-चुलत घरी जेवल्यासारखी.

आणि डबलसीट! तिथे चालतं. नुसतं चालतं नाही, पद्धत आहे, चालवणाऱ्याने आधी निघायचं आणि मागच्याने धावत येऊन कॅरिअरवर एका बाजूला टुणकन बसायचं. मला बसायला दोन महिने लागले, बसवायला कधीच जमलं नाही, माझ्या मागे कुणी उडी मारली की आम्ही दोघी कालव्याच्या दिशेने जायचो.

महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलीही आहेत, वीस युरोच्या आसपास, बिघडली की ते येऊन दुरुस्त करतात. एकाच ब्लॉकसाठी गेला असाल किंवा पंक्चर या शब्दाने घाम फुटत असेल तर तीच घ्या. पूर्ण सेमिस्टर असेल तर सेकंडहँड. आणि पहिल्याच आठवड्यात घ्या, माझे ते तीन आठवडे अजून मनातून जात नाहीत. पाचपैकी साडेचार, अर्धा वाऱ्याचा आणि सीटचा.

जानेवारीच्या शेवटी काकांकडे परत न्यायला गेले तेव्हा त्यांनी बिल बघितलं, सायकल फिरवून बघितली, मी काढलेल्या पंक्चरवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, कुणी काढलं? म्हटलं, बाबांनी, फोनवरून. साठ युरो मोजून दिले आणि केशरी लोकर काढू लागले, मग म्हणाले असू दे.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबांची सायकल घेऊन दूध आणायला निघाले. कोपऱ्यावर भाजीची गाडी आडवी आली, मी पूर्ण आत्मविश्वासाने पॅडल उलटं मारलं, आणि ते नुसतंच गरागरा मागे फिरलं. दोन्ही हात हँडलवर होते, ब्रेक बोटांच्या खाली होते. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "अगं ब्रेक दाब की!" तोपर्यंत मी कोथिंबिरीत.