सिस्टमडी-कोअरडंप: सोय झकास, डिफॉल्ट मात्र तपासून घ्या

लिनक्सवर प्रोग्रॅम सेगफॉल्ट होऊन (मेमरीत चुकीच्या जागी हात घालून) पडला की कोअर फाइल, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची प्रत किंवा डंप, मिळवायची जुनी रीत म्हणजे शेलमध्ये 'यूलिमिट -सी अनलिमिटेड' द्यायचं आणि चालू डिरेक्टरीत फाइल शोधत बसायचं. कोअर फाइलच्या आकाराची ही मर्यादा त्या शेलपुरतीच. बूटला सुरू झालेल्या सर्व्हिसला तिचा काही उपयोग नाही.

सिस्टमडी-कोअरडंप, म्हणजे सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीचा डंप गोळा करणारा भाग, ही कटकट संपवतो. फेडोरा आणि आर्चवर तो मुळातच चालू असतो, डेबियनवर त्याच नावाचं पॅकेज टाकावं लागतं. उबंटूवर बहुधा ही जागा क्रॅशची माहिती गोळा करणाऱ्या अ‍ॅपोर्टने धरलेली असते. खात्री करायला '/प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न' वाचा. ओळ पाइपच्या उभ्या रेघेने सुरू होत असेल, तर डंप त्यापुढे लिहिलेल्या प्रोग्रॅमकडे जातो.

चाचणी सोपी: 'स्लीप 100' बॅकग्राउंडला सोडून त्याला 'किल -एसईजीव्ही' द्या, मग 'कोअरडंपसीटीएल लिस्ट' चालवा. 'इन्फो' आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) दिला की बॅकट्रेस, म्हणजे पडताना चालू असलेल्या फंक्शनची साखळी, दिसते; 'डीबग' दिला की थेट जीडीबी हा डीबगर उघडतो. हे खरोखर सुखाचं आहे. बॅकट्रेसमध्ये फंक्शनच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं आली, तर डंपला दोष देऊ नका, डीबग सिम्बॉल्स (फंक्शनच्या नावांची माहिती) टाका.

तक्रार आहे ती साठवणुकीबद्दल. फाइल '/व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडंप' मध्ये कॉम्प्रेस होऊन बसते, पण कायमची नाही. टेम्पफाइल्स या सिस्टमडीच्या साफसफाईच्या भागाचा नियम जुन्या आवृत्त्यांत 3 दिवसांनी, नव्यांत 2 आठवड्यांनी ती पुसतो. जुन्या आवृत्तीत शुक्रवारी रात्री पडलेल्या सर्व्हरचा डंप मंगळवारी शोधायला गेलात, तर यादीत नोंद असते आणि कोअरफाइलच्या रकान्यात 'मिसिंग'. महत्त्वाचा डंप 'कोअरडंपसीटीएल डंप -ओ' ने लगेच बाहेर काढावा.

त्याच रकान्यात 'ट्रंकेटेड' दिसलं तर फाइल अर्धवट आहे. जुन्या आवृत्त्यांत 'प्रोसेससाइझमॅक्स' (किती मोठा डंप हाताळायचा याची मर्यादा) फक्त 2 जीबी होतं; मोठी हीप (चालताना घेतलेली मेमरी) असलेल्या डेटाबेसला ते कुठलं पुरायला! सिस्टमडी 251 पासून 64-बिटवर ते 32 जीबी झालं. 'कोअरडंप.कॉन्फ' मध्ये ते आणि 'एक्स्टर्नलसाइझमॅक्स' (साठवायच्या फाइलची मर्यादा) दोन्ही वाढवा. 'मॅक्सयूज' (सगळ्या डंपना मिळून जागा) डिफॉल्टने डिस्कच्या 10 टक्के असतं, तेही पाहा. रीस्टार्ट लागत नाही, कारण प्रत्येक क्रॅशला हँडलर (डंप हाताळणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होऊन कॉन्फिगरेशन वाचतो. यादीत नोंद आहे पण फाइल कधी बनलीच नाही, असं असेल तर सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये 'लिमिटकोअर=0' आहे का बघा.

कंटेनर वापरणाऱ्यांची हमखास फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. कोअर_पॅटर्न कर्नलचा, म्हणजे अख्ख्या होस्टचा (कंटेनर चालवणाऱ्या मूळ मशीनचा) एकच. पाइपवाला हँडलर होस्टवर चालतो, त्यामुळे डंप कंटेनरमध्ये शोधून सापडणार नाही.

डंपमध्ये पासवर्ड, टोकन सगळं असू शकतं, म्हणून तो सहकाऱ्याला पाठवताना जपून. 2025 मध्ये याच हँडलरमध्ये सीव्हीई-2025-4598 ही त्रुटी सापडली: एसयूआयडी प्रोग्रॅमचा (जो फाइलच्या मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकारांनी चालतो) डंप साध्या युजरला वाचता येण्याची शक्यता होती. अपडेट लगेच करता येत नसेल, तर कर्नलची 'एफएस.एसयूआयडी_डंपेबल' ही सेटिंग 0 वर ठेवा. एसयूआयडी प्रोग्रॅमचे डंप मिळणार नाहीत, बाकीचे मिळत राहतील.