पिकअपच्या हौद्यासाठी एलईडी पट्टी : घ्यावी, पण डिंकाच्या भरवशावर नाही

चोइथराम मंडीत पहाटेच्या अंधारात क्रेट मोजायला केबिनचा दिवा पुरत नाही. इंदुरात सहज मिळणारी १२ व्होल्टची, सिलिकॉन नळीतली ५ मीटर पट्टी या कामाला उत्तम. मीटरला ४.८ वॉटची घेतली तर सगळी मिळून २ अँपिअरच ओढते. १ चौरस मिमी वायर आणि ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. फ्यूज मात्र बॅटरीच्या प्लसपासून वीतभरातच हवा. लांब बसवला आणि मधली वायर घासून शॉर्ट झाली, तर तो असून नसल्यासारखाच.

खरी कमजोरी मागच्या डिंकाची. मे महिन्यात पत्रा तापला की पट्टी लोंबायला लागते. पत्रा थिनरने पुसा, वीतभर अंतराने क्लिपा मारा. जागा वरच्या कडेखाली, आतून. तिथे माल घासत नाही.

पट्टी तिच्यावर छापलेल्या कापायच्या खुणेवरच कापा आणि कापलेलं तोंड सिलिकॉनने बुजवा. पावसाचं पाणी तिथूनच शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि दिवे तीन-तीनने विझत जातात. वायर पत्र्यातून जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेने वायर घासू न देणारं कडं, हवाच. अर्थिंगला, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या लोखंडाला जोडता तिथे, रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा.

फाळक्याजवळचा स्विच वॉटरप्रूफच घ्या, आणि गाडी निघताना दिवे बंद. मागच्याच्या डोळ्यांवर झोत जातो.