दहा प्रथिनांचा एकच ठोकळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी कनिष्ठ महाविद्यालयाला जीवशास्त्र शिकवतो. मानवी जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनएची प्रत काढणे, कसे सुरू होते, हे दाखवणारा फोमच्या ठोकळ्यांचा संच मी दिवाळीनंतर मागवला. टपालखर्चासह तो १,८५० रुपयांना पडला.

संचातील सर्वांत सरस भाग टीबीपी या डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाचा आहे. टीबीपी आणि तेराच्या आसपास टॅफ ही जोडीदार प्रथिने मिळून टीएफ-टू-डी हा प्रतिलेखन सुरू करण्यास मदत करणारा घटक बनतो. खोगिराच्या आकाराचा टीबीपी डीएनएच्या रबरी पट्टीवरील लाल टाटा पेटीवर (टी-ए अक्षरांनी भरलेल्या छोट्या तुकड्यावर) दाबला की पट्टी सुमारे ८० अंशांत वाकते, आणि प्रत्यक्षातही डीएनए जवळपास तितकाच वाकतो. ते पाहून मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, हे त जू ठेवल्यावर बैल मान वाकवते तसं झालं." मात्र बहुसंख्य मानवी जनुकांच्या प्रवर्तकात, म्हणजे प्रतिलेखन जिथून सुरू होते त्या भागात, टाटा पेटी नसतेच, याचा माहितीपत्रकात उल्लेख नाही. पॉलिमरेज-टू या आरएनए बनवणाऱ्या विकराची उपएककेही (त्याचे प्रथिनांचे तुकडे) त्यात दहा छापली आहेत. ती बारा असतात, म्हणून मी पेनाने दुरुस्ती केली.

खरी निराशा टीएफ-टू-एच या आणखी एका मदतनीस घटकाने केली. टीएफ-टू-एफ या तशाच घटकाची दोन्ही उपएकके वेगळी देणाऱ्या उत्पादकाने दहा उपएककांचा टीएफ-टू-एच मात्र एकसंध करड्या ठोकळ्यात उरकला आहे. वास्तविक त्याच्या सात उपएककांच्या गाभ्यातील एक्सपीबी डीएनएचे पदर उघडण्यास मदत करते, तर उरलेल्या तिघांतील सीडीके-सात पॉलिमरेजच्या शेपटीला फॉस्फेट जोडते. गाभ्यातील एक्सपीडी डीएनएच्या दुरुस्तीत लागते आणि त्यात विशिष्ट बिघाड असलेल्या काही रुग्णांच्या त्वचेला साधे ऊनही सोसत नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात शेतात राबणाऱ्या घरांतील मुलांना यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते देणार?

ठोकळे जोडणाऱ्या लोहचुंबकांचा गोंद एप्रिलमध्येच मऊ पडला आणि दोन तुकडे निखळले. तक्रारीला उत्तर आले नाही. तरीही केवळ टीबीपीसाठी मी हा संच पुन्हा घेईन, फक्त किंमत हजाराच्या आत असावी.

करडा ठोकळा मी अखेर पात्याने कापला. गाभ्याचे सात तुकडे चिकटवले आणि सीडीके-सात, सायक्लिन-एच व मॅट-एक हे तिघे मात्र चपलेच्या जुन्या वेल्क्रोने जोडले, कारण पेशीतही हे त्रिकूट गाभ्यापासून सुटे होऊ शकते.