गिटारवादकाच्या स्केलचा माग काढताना : 'ट्रान्स्क्राइब!' कितपत उपयोगी पडते?

काही गिटारवादक दोन-चार स्वरांतच ओळखू येतात. ही ओळख कशातून घडते याचे उत्तर शिकणारा बहुधा सर्वप्रथम स्केलमध्ये, म्हणजे वादक वापरतो त्या ठरावीक स्वरांच्या संचात शोधतो. या कामासाठी मी सेव्हन्थ स्ट्रिंग या कंपनीचे 'ट्रान्स्क्राइब!' हे सॉफ्टवेअर बराच काळ वापरत आलो आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि 30 दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. ध्वनिमुद्रणावरून संपूर्ण स्वरलेखन आपोआप करून देण्याचा दावा ते करत नाही, ऐकणाऱ्याला हाताशी साधने देते आणि निर्णय त्याच्यावर सोपवते. माझ्या लेखी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

मूलभूत सोयी चोख आहेत. स्वरांची उंची न बदलता वेग कमी करता येतो, हवा तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो, आणि एस, एम व बी या कळा दाबून विभाग, मात्रांचे गट आणि मात्रा यांच्या खुणा करता येतात. अशा सोयी इतरत्रही मिळतात. या सॉफ्टवेअरचे वेगळेपण पडद्यावर तळाशी दिसणाऱ्या पियानोच्या पट्ट्यांमध्ये आहे. निवडलेल्या क्षणी कोणत्या स्वरांवर किती ध्वनिऊर्जा आहे याचा आलेख त्या पट्ट्यांच्या वर उमटतो.

कार्लोस सान्ताना यांच्या 1970 सालच्या 'ओये कोमो वा' या ध्वनिमुद्रणावर हा आलेख वापरून पाहण्यासारखा आहे. साथीला ए मायनर सेव्हन्थ आणि डी नाइन्थ अशा दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) आलटून पालटून येतात. गिटारवर ए, सी, डी, ई, जी एवढेच स्वर सापडले, तर ती मायनर पेंटाटॉनिक ही पाच स्वरांची स्केल, म्हणजे आपला धानी राग, एवढेच म्हणता येते. एफ आला तर नॅचरल मायनर, एफ शार्प आला तर डोरियन, म्हणजे काफी थाट. ए हा सा धरला तर एफ हा कोमल आणि एफ शार्प हा शुद्ध धैवत, म्हणून सगळा निवाडा धैवतावर अवलंबून आहे. पण एफ शार्प डी नाइन्थ कॉर्डमध्येच असल्याने तो आलेखात साथीमुळेही दिसतो, आणि म्हणून तो गिटारने वाजवला की ऑर्गनने, हे तेवढाच तुकडा निम्म्या वेगाने ऐकून कानानेच ठरवावे लागते.

आलेखाची खरी अडचण हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप निघणाऱ्या वरच्या अंशस्वरांची आहे, आणि ती ध्वनीच्या स्वभावातच असल्याने तिचा दोष सॉफ्टवेअरला देता येणार नाही. 440 हर्ट्झचा ए वाजला की त्याच्यासोबत 880, 1320, 1760 आणि 2200 हर्ट्झचे अंशस्वरही निघतात. त्यांतला 1320 हा ई आहे, तर 2200 हा सी शार्पच्या अगदी जवळ पडतो. डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) असेल तर हे अंशस्वर आणखी ठळक होतात. परिणामी ए मायनरमधला साधा ए दाबला तरी पडद्यावर उंच स्वरांच्या बाजूला सी शार्पचा, म्हणजे शुद्ध गंधाराचा शेंडा उभा राहतो आणि नवखा माणूस स्केल मेजर समजून बसतो. खालून पहिला ठळक शेंडा धरून वरचे शेंडे संशयाने पाहावेत, ही सवय लागेपर्यंत स्वरांचा अंदाज सांगणारी सोय बंद ठेवलेली बरी.

बी. बी. किंग यांच्या वादनाशी गाठ पडली की पियानोच्या पट्ट्याही अपुऱ्या पडतात. कोमल गंधाराची तार किंचित ओढून ते शुद्ध गंधाराच्या दिशेने जातात आणि पुष्कळदा दोहोंच्या मध्येच थांबतात. आलेखात तो शेंडा दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत सरकताना दिसतो, ही या साधनाची मोठीच देणगी म्हणावी लागेल. मात्र अशा स्वराला मेजर किंवा मायनर पेंटाटॉनिकच्या खात्यात टाकणे म्हणजे त्याचा जीव काढून घेणे होय.

याहून मोठा प्रश्न षड्जाचा, म्हणजे कोणता स्वर सा धरायचा याचा आहे. इंग्वी माल्मस्टीन यांच्या शैलीत हार्मोनिक मायनर आणि फ्रिजियन डॉमिनंट या दोन्ही स्केल भरपूर येतात. ए हार्मोनिक मायनर आणि ई फ्रिजियन डॉमिनंट यांचे सातही स्वर सारखेच आहेत. मूर्च्छनेचा, म्हणजे तेच स्वर ठेवून षड्ज बदलण्याचा विचार करणाऱ्याला हे लगेच उमगेल, कारण तेच स्वर ए हा षड्ज धरला की किरवाणी आणि ई धरला की बसंत मुखारी या रागांचे होतात. सॉफ्टवेअर स्वर दाखवील, षड्ज दाखवणार नाही. त्यासाठी बेस गिटार कोणत्या स्वरावर विसावते ते ऐकावे आणि तुकडा फिरत असताना कोणता स्वर गुणगुणल्यावर विश्रांती मिळते ते पाहावे. इथे एक सावधगिरी हवी. डाव्या-उजव्या वाहिनीतला सामाईक आवाज वगळण्याची सोय वापरली, तर मध्यभागी असलेल्या सोलोबरोबर बहुधा बेसही निघून जातो आणि नेमका आधारच हरवतो.

माल्मस्टीन किंवा जिमी हेन्ड्रिक्स यांची गिटार पुष्कळदा अर्ध्या स्वराने खाली लावलेली असते. अशा वेळी ध्वनिमुद्रण एक सेमीटोन, म्हणजे तेवढाच अर्धा स्वर वर सरकवले की आपली गिटार न उतरवता त्यांच्याच फ्रेटवर बोटे ठेवता येतात, आणि कोणता स्वर मोकळ्या तारेवर वाजला असेल याचाही अंदाज बांधता येतो. केवळ या एका सोयीसाठीही मी हे सॉफ्टवेअर ठेवले असते.

त्याचे रूप जुन्या वळणाचे आहे आणि मेनू गच्च भरलेले आहेत, त्यामुळे पहिली बैठक मदतीची पाने वाचण्यातच जाते. स्केलचे नाव आयते हवे असणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. ज्याला सोलो स्वतः बसवायचा आहे आणि मेजर, मायनर व पेंटाटॉनिक कानाने वेगळ्या ओळखता येतात, त्याने मात्र विनामूल्य मुदतीत एकच छोटा सोलो शेवटपर्यंत उतरवून पाहावा आणि मगच परवाना घ्यायचा की नाही ते ठरवावे.